छापील पावसाचा भाव

गेल्या पावसाळ्यात एका परदेशी लिलावात मी एक जपानी चित्र विकत घेतले. ते घरी पोचले आणि त्यावर लगेच दोन आक्षेप निघाले. आई म्हणाली, "हे छापलेलेच ना? मग आपल्या कॅलेंडरात आणि ह्यात फरक काय?" आणि आमच्या महाविद्यालयातले एक सर, ज्यांच्या मताला मी फार मान देतो, चष्मा कपाळावर चढवून चित्र न्याहाळीत म्हणाले, "अरे, ही तर नक्कल. नकलांचा का कुठे संग्रह होतो?" आईचे म्हणणे असे, की छापील वस्तूला एवढे पैसे मोजावेत कशाला, सरांचे म्हणणे असे, की मोजायचेच तर अस्सल वस्तूला मोजावेत. त्या वेळी मला दोघांनाही धड उत्तर देता आले नाही. वादात मी नेहमी घरी परतल्यावर हुशार होतो. तेव्हा ते उत्तर आता लिहून देतो.

चित्र उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याचे. एदो, म्हणजे आजचे टोकियो. तेथून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो नावाच्या हमरस्त्यावर त्रेपन्न मुक्काम होते. १८३३-३४ च्या सुमारास हिरोशिगेची त्या मुक्कामांवरची चित्रमाला निघाली. दोन्ही टोकांची दोन धरून पंचावन्न चित्रे. माझे चित्र त्यातल्या शोनो ह्या मुक्कामाचे. उतारावर एकाएकी सर कोसळली आहे. पालखीचे भोई चढण चढताहेत, पालखीवर आच्छादन टाकले आहे. उलट दिशेने एकजण छत्री पुढे रेटीत खाली धावतो आहे, आणि गवताचे इरले पांघरलेला दुसरा त्याच्या पाठोपाठ. मागे वाऱ्याने वाकलेली झाडी करड्या रंगाच्या तीन छटांत एकामागे एक उभी आहे. कुणाचाही चेहरा धड दिसत नाही. ज्याने पहिल्या पावसात शेतावरून घराकडे धूम ठोकली आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

आता हे चित्र तयार कसे झाले ते पाहू, कारण सरांच्या आक्षेपाचे उत्तर मला तिथेच सापडले. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांनी आराखडा काढी. तो कागद जंगली चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवीत आणि कोरीवकाम करणारा कारागीर त्या कागदासकट फळी कोरीत जाई. म्हणजे रेघ जिथे आहे तिथे लाकूड उभे ठेवायचे, आणि दोन्ही बाजूंचे काढून टाकायचे. पावसाची एकेक धार अशी लाकडात उभी ठेवायची! त्यानंतर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. सगळे ठसे एकाच जागी बसावेत म्हणून फळीच्या कडेला खाच ठेवलेली. कागद त्या खाचेत टेकवायचा आणि 'बारेन' नावाच्या गोल चकतीने पाठीमागून घासायचा. छापण्याचे यंत्र असे नाहीच. आकाशातला रंग वरून गडद आणि खाली विरत जातो, त्याला 'बोकाशी' म्हणतात. तो उतार ठशात कोरलेला नसतो. छापणारा दर वेळी ओल्या फळीवर रंग हाताने पुसून तो साधतो. म्हणून दोन प्रतींतली आभाळे तंतोतंत सारखी नसतात. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि ह्या सर्वांना पैसे पुरवणारा प्रकाशक, अशा चौघांचा हा धंदा होता. पहिल्या खेपेला साधारण दोनशे प्रती काढीत. चित्र खपले की आणखी. एका प्रतीची किंमत तेव्हा सोबाच्या, म्हणजे एक प्रकारच्या शेवयांच्या, एक-दोन वाट्यांइतकी होती.

ह्यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की चित्रकाराने काढलेला तो पहिला कागद कोरताना नष्ट होतो. तो उरतच नाही. रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीच्या मागे कुठेतरी एक तैलचित्र असते. शोनोच्या पावसामागे असे काही नाही. अस्सल म्हणून बोट ठेवावे अशी एकच वस्तू ह्या चित्राच्या बाबतीत कधी अस्तित्वातच नव्हती. आणि तरीही आज जगभरच्या लिलावांतून विकली जाते ती नेमकी अस्सलता.

मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात होकुसाईच्या (१७६०–१८४९) 'कानागावाच्या लाटे'ची एक प्रत २७ लाख ६० हजार डॉलरना गेली. लिलावगृहाचा आधीचा अंदाज पाच ते सात लाखांचा होता. त्या लाटेच्या शंभराहून थोड्या अधिक प्रती आज जगात माहीत आहेत. छापल्या गेल्या असाव्यात हजारोंनी. मग ह्याच प्रतीला एवढा भाव का? कारण ती आधीच्या प्रतींपैकी होती. ठसा झिजत जातो. शीर्षकाच्या चौकटीची रेघ पुढेपुढे मध्येच तुटते, आकाशातले हलके ढग विरून जातात, रेघा बोथटतात. संग्राहक भिंग घेऊन ह्या खुणा पाहतात आणि कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची ते ठरवतात.

प्रथम वाचले तेव्हा मला हा सगळा श्रीमंतांचा चाळा वाटला होता. तो माझा अडाणीपणा होता. ग्रंथालयातल्या संगणकावर बोस्टन आणि लंडनच्या संग्रहालयांनी खुल्या केलेल्या प्रती शेजारी-शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा माझे मत बदलले. होकुसाईचा 'लाल फुजी' आपण ज्या भडक तांबड्या रंगात पुस्तकांतून पाहतो, तो पुष्कळदा नंतरच्या छपाईचा रंग असतो. अगदी आरंभीच्या ज्या थोड्या प्रती उरल्या आहेत, त्यांत डोंगर फिका, गुलाबी-तपकिरी आहे. पहाटेची वेळ आहे हे त्या प्रतींत कळते. भडक प्रतीत डोंगर नुसताच लाल आहे. हिरोशिगेच्या काम्बारा मुक्कामाच्या हिमरात्रीचे दोन प्रकार मिळतात. एकात काळोख आकाशाच्या वरच्या कडेला दाटला आहे, दुसऱ्यात तो क्षितिजाशी आहे. ठसे तेच, पण रात्री दोन वेगळ्या. (काम्बारा समुद्रकाठचे उबदार गाव आहे, तिथे असा बर्फ सहसा पडत नाही, हीही एक गंमत.) असा फरक डोळ्यांना दिसत असेल तर त्यासाठी कुणी दहापट पैसे मोजले तरी मी त्याला वेडा म्हणणार नाही. माझ्याकडे नाहीत, एवढेच.

माझी तक्रार दुसऱ्या ठिकाणी आहे. जो फरक चित्रात नाही, चित्राच्या बाहेर आहे, त्याचाही भाव लागतो. आणि फार मोठा लागतो.

ह्याचा अनुभव मी स्वतः घेतला. योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) हा नव्या काळातला निसर्गचित्रकार. आधी तेलरंग आणि जलरंगांतला, मग ह्या लाकडी ठशांकडे वळलेला. तो आपला मुलगा तोशी याला घेऊन १९३०-३१ मध्ये हिंदुस्थानात आला होता. ताजमहाल, काशीचे घाट, उदेपूर, अमृतसरचे सुवर्णमंदिर, कांचनगंगा अशी चित्रे त्याने परत गेल्यावर छापली. त्या मालिकेत अजिंठा आणि वेरूळही आहेत. आमच्या गावाहून अजिंठ्याची लेणी एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर. शाळेची प्रत्येक सहल तिथेच गेलेली. तेव्हा एका परदेशी लिलावाच्या यादीत योशिदाचा अजिंठा दिसला आणि माझी झोपच उडाली. शिकवण्यांचे दोन वर्षांचे पैसे शिल्लक होते. पुण्याच्या मामांचे कार्ड होते. मामा म्हणाले, "बोली लाव, पण आकडा आधी कागदावर लिहून ठेव, आणि त्यापुढे जाऊ नकोस." हा उपदेश मी प्रत्येक नवशिक्या संग्राहकाला देईन.

यादीतले त्या चित्राचे वर्णन मी इतक्या वेळा वाचले, की ते पाठ झाले. पेन्सिलीची सही आहे. 'जिझुरी' शिक्का आहे. समास पूर्ण आहेत. कागदाच्या कडेला किंचित पिवळेपणा आहे. मागे जुन्या चिकटपट्टीचे दोन डाग आहेत. बस्स! अजिंठ्याबद्दल एक शब्द नाही. वर्णन सगळे समासाचे, आणि समासाच्या मधोमध काही चित्र आहे ह्याचा यादी करणाऱ्याला जणू विसर पडलेला.

जिझुरी म्हणजे 'स्वतः छापलेले'. योशिदाने १९२५ पासून स्वतःचाच कारखाना काढला. कोरणारे, छापणारे पदरी ठेवले, आणि आपल्या नजरेखाली निघालेल्या प्रतींवर तो हा शिक्का मारी. त्याच्या पद्धतीत ह्या देखरेखीला खरोखर अर्थ होता. गलबतांचे एकच चित्र त्याने त्याच ठशांवर रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र असे छापले आहे. निक्कोच्या योमेइ दरवाजाच्या चित्राला कागद जवळजवळ शंभर वेळा ठशांवर ठेवावा लागला. अशा माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्याच ठशांवरून कुटुंबीयांनी प्रती काढल्या, त्यांवर हा शिक्का नसतो, आणि त्यांचा भाव एकदम खाली येतो. आता नंतरची एखादी प्रत फिकी निघाली, तर भाव उतरावा हे रास्तच. पण शिक्क्याची प्रत उन्हाने पार विटलेली, आणि बिनशिक्क्याची टवटवीत, अशी जोडी समोर आली तरी बोली शिक्क्याकडेच धावते. हे मी त्या एका उन्हाळ्यात तीन लिलावांत पाहिले. पॅरिसमध्ये १८७८ पासून राहिलेला हायाशी तादामासा नावाचा एक जपानी व्यापारी होता. तिथल्या कलावंतांना आणि रसिकांना त्याने हजारोंनी चित्रे विकली. त्याचा एक छोटा लाल शिक्का प्रतीवर असला, की आजही किंमत चढते. विकणाऱ्याचा शिक्का! बरे, हायाशीची पारख चोख होती हे खरे. पण सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहायचे काय?

लिलावाच्या रात्री माझा आकडा पहिल्या मिनिटातच मागे पडला. कागदावर लिहिले होते म्हणून थांबलो.

त्यानंतर महिन्याभराने शोनो आला. यादीत स्पष्ट लिहिले होते: विसाव्या शतकात पुन्हा कोरलेल्या ठशांवरून. म्हणजे हिरोशिगेच्या वेळचे ठसे झिजून, जळून गेले. पुढे जपानी कारागिरांनी जुनी प्रत समोर ठेवून चेरीच्या फळ्या नव्याने कोरल्या आणि त्याच रीतीने, हातकागदावर, बारेनने घासून छापल्या. टोकियोत अदाचीसारख्या संस्था हे काम आजही करतात. बोली एकशेदहा डॉलरवर थांबली. वर लिलावगृहाचा चौथा हिस्सा, मग विमानाचे टपाल, मग आयातकर. एकशेदहाचे जवळजवळ दुप्पट झाले. चित्र आले तेव्हा मागे जाड पुठ्ठा घट्ट चिकटवलेला निघाला, ज्याचा यादीत उल्लेखच नव्हता. पत्र लिहिले तर उत्तर आले, की वस्तू जशी आहे तशी विकली आहे. आमच्याकडे बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा व्यापारी ढिगात हात घालतो, दोन कांदे दाबून पाहतो, आणि मगच बोलतो. फोटो पाहून कांदा घेणारा मी अजून पाहिलेला नाही.

तर सरांची नक्कल ती ही. आता मजा पाहा. शोनोच्या अगदी पहिल्या छपाईत धावणाऱ्या माणसाच्या छत्रीवर अक्षरे आहेत: प्रकाशकाचे नाव आणि 'त्रेपन्न मुक्काम' हे शब्द. चक्क जाहिरात. पुढच्या छपाईत ती काढून टाकली. चित्र म्हणून छत्री कोरी असलेलीच बरी दिसते, असे माझे मत आहे. पण लिलावात अक्षरांची छत्री महाग, कारण ती आधीची. माझी प्रत कोरणाऱ्याने समोर पहिल्या छपाईचा नमुना ठेवला असणार, कारण माझ्या छत्रीवर अक्षरे आहेत. म्हणजे एखाद्या संग्राहकाकडे हिरोशिगेच्याच ठशांवरची, पण झिजलेली, विटलेली, बिनअक्षरी प्रत असेल, तर ती अस्सल. आणि हिरोशिगेने मंजूर केलेल्या पहिल्या प्रतीच्या अधिक जवळ जाणारी माझी प्रत नक्कल. सरांनी ह्यातली हिरोशिगेची कोणती, ते मला सांगावे.

सरांवर अन्याय नको म्हणून एक कबुलीही देतो. संग्रहालयातल्या प्रतीशी ताडून पाहता माझ्या प्रतीतली पावसाची रेघ थोडी ताठ आहे. कोरणारा पाऊस कोरीत नव्हता, दुसऱ्याची रेघ कोरीत होता, आणि ते हातात उतरले आहे. जुन्या प्रतीत बांबूची मागची रांग जवळजवळ नाहीशी होते. माझ्यात ती जरा जास्तच हजर आहे. एवढा फरक आहे. तो दिसतो, आणि तो दिसायला मी शिकलो ते ही नक्कल हातात होती म्हणूनच. नुसते पडद्यावर पाहून मला तो कधी कळला नसता.

संग्रह म्हणजे काय, ह्याचीही दोन टोके इतिहासात आहेत. बोस्टनच्या स्पॉल्डिंग बंधूंनी जपानमधून हजारो चित्रे जमवली. त्यांच्यासाठी खरेदी करणारा होता फ्रँक लॉइड राइट, तो प्रसिद्ध वास्तुशिल्पी. ह्या चित्रांच्या व्यापारात त्याने पैसा केला, आणि पुढे त्याने विकलेल्या काही प्रतींवर रंगांची नवी डागडुजी केलेली निघाली तेव्हा त्या त्याला परतही घ्याव्या लागल्या. स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये सारा संग्रह तिथल्या संग्रहालयाला दिला, पण एका अटीवर: तो कधीही प्रदर्शनात मांडायचा नाही. जुने वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडतात म्हणून. त्यामुळे ते जांभळे आणि निळे रंग आज जगात सर्वांत ताजे आहेत, आणि अंधारात आहेत. दुसऱ्या टोकाला व्हॅन गॉग. १८८६-८७ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या माळ्यावरून त्याने साडेसहाशेच्या वर चित्रे किरकोळ दराने उचलली. विकायचा बेत होता; एका कॅफेत मांडलीही, पण धंदा काही झाला नाही. त्यांत पहिल्या छपाईच्या उत्तम प्रती फारशा नव्हत्या. त्याने ती टाचण्यांनी भिंतीवर लावली, आणि हिरोशिगेच्या पुलावरच्या पावसाचे चित्र १८८७ मध्ये तेलरंगात पुन्हा काढले. लिलावगृहाच्या यादीत ह्या प्रतींचे वर्णन 'टाचणीची भोके, कडा फाटलेल्या' असेच झाले असते.

स्पॉल्डिंग बंधूंना मी नावे ठेवीत नाही. ते नसते तर मी संगणकावर तरी काय ताडून पाहिले असते? पण प्रत्येक संग्राहकाने तसेच व्हावे, आणि ज्याची तेवढी ऐपत नाही त्याने ह्या वाटेला जाऊ नये, हा जो सूर लिलावांच्या जगात आणि, क्षमा करा, आमच्या कलेच्या तासांनाही लागतो, तो मला मान्य नाही. ही चित्रे शेवयांच्या भावात घेणाऱ्या माणसांसाठी निघाली होती. झिजलेली प्रत, पुन्हा कोरलेली प्रत, ही त्या माणसांच्या वाट्याची चित्रे आहेत. ती खोट्या नावाने विकणे हा गुन्हा. खऱ्या नावाने विकत घेणे हा संग्रहच.

राहिली आई. तिला मी शब्दांनी सांगितले नाही. शेजारच्या घड्याळजींकडून भिंग आणले आणि आधी कॅलेंडरवर धरले. गणपतीच्या सोंडेचे लाल-निळे-पिवळे ठिपके झाले. मग शोनोवर धरले. तिथे ठिपके नव्हते. करड्या रंगात लाकडाचे उभे तंतू उमटले होते, आणि कागद जिथे दाबला गेला होता तिथे बारीक खोलगटपणा होता. आईने पावसावर भिंग बराच वेळ फिरवले. मग विचारले, "हे कोरायला किती दिवस लागले असतील रे?" मला ठाऊक नव्हते. "आणि कोरणाऱ्याचे नाव कुठे आहे?" मी हिरोशिगेची सही दाखवली. "हे चित्र काढणाऱ्याचे. कोरणाऱ्याचे?" तेही मला सांगता आले नाही. माझ्या प्रतीवर ते नाही, आणि यादीतही नव्हते. सही, शिक्का, समास, डाग, सगळ्यांची नोंद असते त्या यादीत.

चित्र आता उत्तरेकडच्या भिंतीवर आहे, तिथे ऊन येत नाही. मात्र जूनमध्ये त्या भिंतीला ओल धरते, म्हणून तेव्हा ते काढून, कोऱ्या कागदात गुंडाळून, लोखंडी कपाटात ठेवावे लागते. आणि बाहेर पाऊस कोसळत असतो तेव्हा शोनोचा पाऊस आईच्या लग्नातल्या शालूखाली पडलेला असतो.